लांबलेला पाऊस आणि वादळी हवा: गोव्यातील घर, शेत आणि किनारा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीपर्यंत पाऊस थांबावा आणि तुळशीच्या लग्नापासून पहाटे गारवा जाणवू लागावा, अशी गोव्यातील माणसाची वर्षानुवर्षांची अपेक्षा असते. काही वर्षी मात्र ऑक्टोबर सरला तरी ढग हलत नाहीत, नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्र खवळतो आणि ज्या दिवसांत भात खळ्यावर असायचे व कपाटातील कपडे उन्हात पडायचे, त्या दिवसांत घराची भिंत पुन्हा ओली होते. अशा काळासाठी घरोघरी आणि वाड्यावाड्यांवर जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एका रात्रीच्या वादळाचे नुकसान डोळ्यांना लगेच दिसते. परंतु आठ-पंधरा दिवस न सुकणाऱ्या ओलीचे नुकसान अनेकदा त्याहून मोठे असते. ते टाळण्याची संधी दोन सरींमधील उघडिपीत मिळते, म्हणून पुढील बहुतेक उत्तरांत उघडीप मिळताच कोणते काम आधी करावे, यावर भर दिला आहे.

मोसमी पाऊस परतल्यावरही गोव्यात इतके दिवस पाऊस का पडतो?

गोव्यात नैऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतात आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास माघार घेतात. वर्षाला पडणाऱ्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस याच काळात पडतो. मात्र अरबी समुद्रात वादळे निर्माण होण्याचे वर्षातून दोन हंगाम असतात: एक मोसमी पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि दुसरा मोसमी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत. या दुसऱ्या हंगामात समुद्राचे पाणी अजून उबदार असते, वारे दिशा बदलत असतात आणि लक्षद्वीपच्या आसपास किंवा आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की ते बाष्पाने भरलेली हवा किनाऱ्याकडे लोटत राहते. २०१९ साली अरबी समुद्रात एकूण पाच चक्रीवादळे झाली आणि त्यांपैकी ‘क्यार’ व ‘महा’ ही दोन ऑक्टोबरच्या अखेरीस एकापाठोपाठ आली. त्या वर्षी ऐन कापणीत पावसाने का पाठ सोडली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे.

वादळ गोव्यावर आदळणार नसेल तर काळजी कशासाठी करायची?

वादळाचा मध्य किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असला तरी त्याच्या लाटा आणि पावसाचे पट्टे आपल्यापर्यंत पोहोचतात. ‘क्यार’ भारताच्या किनाऱ्यावर आदळलेच नाही. तरीही त्याच दिवसांतील खवळलेल्या समुद्रात, २४ ऑक्टोबर २०१९ रोजी, नाफ्था हे ज्वलनशील तेल भरलेले ‘नू शी नलिनी’ हे जहाज मुरगावकडून वाहत येऊन दोना पावला येथे खडकांवर रुतले. डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ वादळही गोव्यापासून दूरच होते. त्याच्या लाटा आणि ३ डिसेंबरच्या पौर्णिमेची मोठी भरती एकत्र आल्याने किनाऱ्यांवर पाणी नेहमीची रेषा ओलांडून आत शिरले आणि अनेक शॅकची (किनाऱ्यावरील तात्पुरत्या उपाहारगृहांची) हानी झाली. तेव्हा बातमीत वादळाचा मार्ग पाहताना त्याच दिवसाची तिथी आणि भरतीची वेळही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास धोका वाढतो, हे रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) सांगावे लागत नाही. किनाऱ्याजवळ नव्याने राहायला आलेल्यांना ते आवर्जून सांगावे.

पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा यांचा नेमका अर्थ काय?

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे प्रत्यक्ष कृती करा. हवामान खाते चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरला अति मुसळधार आणि त्यापुढील पावसाला अत्यंत मुसळधार या वर्गांत मोजते. ताशी ६२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे वारे सतत वाहू लागले की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात.

हे आकडे डोळ्यांसमोर यावेत यासाठी एक साधा हिशेब उपयोगी पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की त्या छपरावरून १०,००० लिटर पाणी खाली येते. ते पाणी कोठे जाणार, हा प्रश्न पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशीच स्वतःला विचारावा. शिवाय इशारा एका दिवसापुरता असतो, तर जमीन आधीच्या दहा दिवसांच्या पावसाने भरलेली असते. म्हणून लांबलेल्या पावसाच्या शेवटी आलेला पिवळा इशारा जूनमधील पिवळ्या इशाऱ्यापेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात कोणती तयारी करून ठेवावी?

गोमंतकीय घरांना पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, सवय जुनी आहे. उकडे तांदूळ, कुळीथ, सोले, सुकी मासळी, मीठ आणि मिरची यांचा साठा मे महिन्यातच होतो. अडचण एवढीच की तो साठा गणेशचतुर्थीपर्यंत संपत येतो आणि नंतरच्या वादळांसाठी घरात काहीच नसते. ऑक्टोबरच्या आरंभी तीन-चार दिवस पुरेल असा छोटा पुरुमेत पुन्हा भरावा. त्यात शिजवावे न लागणारे काही पदार्थ, पिण्याचे पाणी, नियमित औषधे, भारलेली विजेरी आणि मोबाइलसाठी भारलेली पॉवर बँक असावी. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा असंख्य झाडे वीजवाहिन्यांवर पडली आणि अनेक गावांत वीज परतायला बराच काळ लागला. विजेच्या पंपावर चालणारी विहीर अशा वेळी उपयोगाची राहत नाही, म्हणून कळशी आणि दोर जागेवर आहेत की नाहीत ते पाहून ठेवावे.

अंगणातील माडाच्या सुकलेल्या झावळ्या आणि पक्व नारळ पाडेल्याकडून वेळेवर उतरवून घ्यावेत. घरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या वादळ समोर दिसत असताना कापायला जाऊ नये. हे काम शांत दिवसाचे आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि वीज तक्रारींसाठी १९१२ हे क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावेत, कारण फोन बंद पडल्यावर त्यात साठवलेले क्रमांक दिसत नाहीत.

कौलारू छप्पर गळू लागले तर पावसातच वर चढावे का?

चढू नये. शेवाळलेले ओले मंगळुरी कौल पाय टिकू देत नाही आणि कुजलेला रीप माणसाचे वजन पेलत नाही. पावसात आतून काम करावे: माळ्यावर जाऊन सरकलेले कौल आतल्या बाजूने पुन्हा रिपेवर बसवावे, फुटलेल्या कौलाखाली पत्र्याचा तुकडा सरकवावा आणि पाणी बादलीत घ्यावे. गळणारे पाणी दिव्याच्या किंवा पंख्याच्या तारेजवळून येत असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा आधी बंद करावा.

उघडीप मिळताच जाणत्या कामगाराकडून आढ्यावरची कौले, पन्हळ आणि भिंत व छप्पर यांचा सांधा तपासून घ्यावा. बहुतेक गळती याच तीन ठिकाणी सुरू होते. छपरावर ताडपत्री घालणे हा चार दिवसांचा उपाय आहे. ती महिनाभर तशीच राहिली तर खाली कोंडलेल्या दमटपणाने वासे कुजतात आणि वाळवीला आयते खाद्य मिळते.

भिंतींना ओल येते, बुरशी चढते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. कायमचा उपाय कोणता?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि याच प्रश्नावर सर्वाधिक पैसा चुकीच्या जागी खर्च होतो. आधी ओल कोठून येते ते ओळखावे. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या किंवा कमरेएवढ्या उंचीपर्यंत सलग पट्टा दिसत असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुलत असेल, तर पाणी जोत्यातून वर चढत आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून किंवा छपराच्या सांध्यापासून डाग खाली उतरत असेल, तर पाणी बाहेरून शिरत आहे. कपाटामागे, पलंगामागे किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उठत असतील, तर घरातील दमट हवाच थंड पृष्ठभागावर साचत आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाच डब्यातील ‘वॉटरप्रूफ’ रंगाने तिन्ही बरे होत नाहीत.

गोव्यातील जुनी घरे चिऱ्याची (जांभ्या दगडाची) आहेत. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि हवा मिळाली की सोडतोही. त्यावर पूर्वी चुन्याचा गिलावा असे, जो भिंतीला श्वास घेऊ देई. त्याच भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा घट्ट गिलावा केला आणि वर तैलरंग लावला की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. ते आत वर चढत राहते आणि अखेर गिलाव्यालाच फुगवून पाडते. जुन्या चिऱ्याच्या घराची दुरुस्ती करताना चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्याचे कष्ट घ्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसा गवंडी सहज मिळत नाही, पण मिळाला तर ते घर पुढच्या पिढीपर्यंत टिकते. ओल्या भिंतीवर मात्र कोणताही रंग लावू नये. भिंत आतून सुकायला पाऊस सरल्यानंतर काही आठवडे द्यावेत.

पाऊस चालू असताना करता येण्यासारखे बरेच आहे. घराभोवतीची माती, पालापाचोळा आणि सरपणाचे ढीग भिंतीपासून दूर करावेत. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी न साचता गटारात जाईल असा उतार द्यावा. पूर्वी पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीसमोर विणलेली चुडते (माडाच्या झावळ्या) बांधत असत. त्यामागचा विचार आजही योग्य आहे आणि चुडतांऐवजी पत्रा किंवा जाड कापड लावले तरी चालते, मात्र ते भिंतीला चिकटू न देता मध्ये वीतभर जागा सोडावी.

घरातील हवेसाठी वेळ निवडणे महत्त्वाचे ठरते. उघडिपीच्या दिवशी पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि तो तुलनेने कोरडा असतो; दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा दमट आणि खारट असतो. म्हणून किनारपट्टीच्या गावांत सकाळी सर्व खिडक्या व कपाटे उघडावीत आणि दुपारी ती बंद करावीत. ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत.

बुरशी पुसताना कोरड्या कुंचल्याने झाडू नये, कारण तिचे सूक्ष्म कण हवेत उडून श्वासात जातात. नाकातोंडावर मुखपट्टी बांधून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि जागा लगेच कोरडी करावी. ब्लीच वापरायचे असल्यास त्यात व्हिनेगर, आम्ल किंवा शौचालय स्वच्छ करण्याचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

कपडे, कागदपत्रे आणि धान्य कसे जपावे?

महत्त्वाची कागदपत्रे घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवावीत आणि त्यांची छायाचित्रे घराबाहेरील एखाद्या नातलगाकडेही असू द्यावीत. धान्य उन्हात घातल्यावर गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावले तर आतली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी सुटते. ते सावलीत पूर्ण निवू द्यावे आणि मगच भरावे. रेशमी आणि जरीचे कपडे पहिल्याच चांगल्या उघडिपीत सावलीच्या वाऱ्यावर घालावेत.

वीज गेल्यावर आणि परत आल्यावर कोणती दक्षता घ्यावी?

रस्त्यावर किंवा कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) तुटून पडलेली तार मेलेली आहे असे कधीही गृहीत धरू नये. तिच्यापासून दूर थांबून इतरांना अडवावे आणि वीज खात्याला कळवावे. ओल्या जमिनीतून प्रवाह काही अंतरापर्यंत पसरतो, म्हणून जवळ जाऊन काठीने ती बाजूला करण्याचा प्रयत्न जिवावर बेततो. घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-प्रतिबंधक स्विच बसवलेला असावा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. जनरेटर बाल्कांवात (घरापुढील ओसरीत) किंवा बंद गॅरेजमध्ये चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

विजा कडाडत असताना सुरक्षित अंतर कसे ओळखावे?

गोव्यात मोसमी पाऊस परततानाच्या काळात दुपारनंतर सह्याद्रीकडून गडगडाटी ढग येतात आणि त्याच वेळी शेतात कापणी चालू असते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर होते. तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकाकी माडाखाली किंवा शेतातील उघड्या मांडवाखाली थांबणे हा आसरा नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देते. शेतावर जाणाऱ्या प्रत्येक घरातील एका तरी फोनमध्ये ते असावे.

विहिरीचे पाणी गढूळ झाले आहे. ते पिण्यायोग्य कसे करावे?

तात्पुरता आणि खात्रीचा उपाय म्हणजे पाणी फडक्याने गाळून खळखळून उकळणे. विहीर शुद्ध करायची असल्यास दर १००० लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर लागते. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ९४०० लिटर होते, म्हणजे पावडर २४ ग्रॅमच्या आसपास लागेल. ती बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे, बादली वरखाली करून पाणी ढवळावे आणि निदान एक तास थांबावे. हे काम रात्री केल्यास सकाळपर्यंत पाणी वापरण्याजोगे होते. जुनी, दमट झालेली पावडर निकामी असते. शौचालयाची टाकी भरून वाहिली असेल तर मात्र पाण्याची तपासणी होईपर्यंत उकळूनच प्यावे.

या काळात कोणत्या आजारांकडे दुर्लक्ष करू नये?

लेप्टोस्पायरोसिस आणि डेंगू यांकडे. पहिला आजार उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून शिरतो आणि लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे अशी लक्षणे असलेल्या माणसाने आपण शेतात किंवा साचलेल्या पाण्यात उतरलो होतो, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. न सांगितल्यास तो साधा ताप समजला जाण्याची शक्यता असते. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

डेंगूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. करवंट्या, सुपारीच्या विऱ्या, टायर, रबराच्या झाडांवरील वाट्या आणि फ्रिजच्या मागचे पात्र आठवड्यातून एकदा रिकामे करावे. केवळ पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून कडा घासून काढाव्यात. डेंगूचा संशय असताना अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

घरात साप आला किंवा चावला तर?

बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत घरात येतात. त्याला मारण्याचा प्रयत्न न करता वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलवावे. चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. तो अवयव हलू न देता आणि रुग्णाला चालू न देता लगेच रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील प्रतिविष हाच उपचार आहे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये यांचा रस्ता घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

आमचे घर नदीकाठी आहे. पुराचा अंदाज आधी येतो का?

काही प्रमाणात येतो, पण आपल्या डोक्यावरचा पाऊस पाहून नव्हे. जुलै २०२१ मध्ये म्हादई आणि तिच्या उपनद्यांना आलेला पूर १९८२ नंतरचा सर्वांत भीषण मानला गेला आणि त्याचे पाणी मुख्यतः घाटमाथ्यावरून आले होते. सत्तरी, डिचोली आणि साखळीतील लोकांनी घाटातील पावसाकडे व अंजुणे धरणाच्या पातळीकडे, तर पेडणे व डिचोलीच्या उत्तर भागातील लोकांनी तिळारी धरणाच्या विसर्गाकडे लक्ष ठेवावे. पणजीसारख्या खाडीकाठच्या भागांत भरतीची वेळ निर्णायक असते. मांडवीला भरती असताना गटारांचे पाणी नदीत जाऊ शकत नाही आणि तासाभराचा पाऊसही रस्त्यावर तुंबतो. गाडी खोलगट भागातून आधीच हलवून ठेवणे आणि भरती उतरेपर्यंत प्रवास टाळणे हेच योग्य.

खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) गावांत बांध आणि मानस (भरतीचे पाणी अडवणारे दार) यांची पाहणी पावसाच्या आधी व्हायला हवी. मानशीची एक फळी कुजली तरी मोठ्या भरतीचे खारे पाणी शेतात शिरते आणि त्याचा परिणाम पुढील हंगामापर्यंत राहतो.

कापणीला आलेले भात पावसात सापडले तर काय करावे?

पहिले काम पाण्याचा निचरा. आडवे पडलेले भात पाण्यात राहिले की काही दिवसांतच लोंबीतच दाण्यांना मोड येतात. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के दाणे पिवळे झाले असतील तर पूर्ण पिकण्याची वाट न पाहता मिळालेल्या उघडिपीत कापून घ्यावे. कापलेले भारे शेतात पसरून ठेवू नयेत. बांधावर, ओट्यावर किंवा मांडवाखाली लोंब्या वर राहतील असे उभे करावेत आणि शक्य तितक्या लवकर मळणी करावी. साठवणीसाठी दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो. खळे ओले असेल तर शाळेचा किंवा देवळाचा मंडप सामायिक वाळवणीसाठी मागण्यात संकोच करू नये. गावाने ही सोय आधीच ठरवून ठेवली तर एकट्या शेतकऱ्याला धावपळ करावी लागत नाही. बुरशी धरलेला पेंढा गुरांना घालू नये.

काजू, आंबा आणि पोफळीच्या बागांचे काय?

काजूचा मोहर नोव्हेंबरपासून येऊ लागतो आणि ढगाळ, दमट हवेत नव्या पालवीवर ढेकण्या हा कीटक वाढतो. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे, भुरी आणि करपा पडतात. मानकुरादाच्या बागा असलेल्यांना याचा अनुभव आहे. ढग दिसताच औषध मारण्याची घाई करू नये, कारण पुढच्या सरीत ते धुऊन जाते. फुले उमललेली असताना सकाळच्या वेळी कीटकनाशक फवारले तर परागीभवन करणाऱ्या माश्याही मरतात. पोफळीवर कोळेरोग (फळे सडवणारा बुरशीचा रोग) टाळण्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) नेहमीच्या दोन फवारण्यांनंतर पाऊस लांबल्यास तिसरी फवारणी उघडिपीत करावी आणि गळलेली फळे गोळा करून नष्ट करावीत. औषधाची निवड व प्रमाण यांसाठी विभागीय कृषी कार्यालयाचा किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा.

समुद्र शांत दिसत असताना होडी घालावी का?

इशारा लागू असेल तर घालू नये. दूरच्या वादळाच्या लाटा निरभ्र आकाशाखालीही येतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीनंतर मिळालेले दिवस आधीच मोजके असतात आणि त्यांतील आठवडा वादळाने गेला तर घरात किती ओढाताण होते, याची मला पूर्ण जाणीव आहे; तरीही परतीच्या वेळी नदीमुखावरील वाळूच्या पट्ट्यावर फुटणाऱ्या लाटा हाच सर्वांत घातक टप्पा ठरतो. होडीवर जीवरक्षक जाकिटे, चॅनेल १६ वर लावलेला व्हीएचएफ रेडिओ संच आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक असावा.

जत्रा आणि धालो (स्त्रियांचा लोकनृत्याचा उत्सव) यांचे मांडव उभारताना काय पाहावे?

ओल्या मातीत खांब सैल होतात आणि पावसाचे पाणी साचलेले ताडपत्रीचे छत अचानक कोसळते. रोषणाईच्या तारा जमिनीवरून नेऊ नयेत आणि प्रत्येक मांडवाला स्वतंत्र गळती-प्रतिबंधक स्विच असावा. वारा वाढला तर कार्यक्रम कोण थांबवील, हे समितीने आधीच ठरवावे.

घरातील वृद्ध माणसे सतत खिन्न राहतात. हे हवामानामुळे असू शकते का?

असू शकते. ऊन नाही, बाल्कांवात बसणे नाही, शेजारी येत नाहीत, सांधे दुखतात आणि झोप बिघडते. यांतील प्रत्येक गोष्ट मनावर भार टाकते. ज्यांची मुले परदेशी आहेत अशी अनेक माणसे आपल्या गावांत मोठ्या घरांत एकटी राहतात. त्यांना दिवसातून एकदा भेटून यावे, औषधे व पाणी आहे ना ते पाहावे आणि थोडा वेळ बसावे. उघडीप मिळाली की त्यांना अंगणापर्यंत हाताला धरून न्यावे. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण सुटले किंवा जगण्याविषयी निराशेचे बोल येऊ लागले तर डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

नुकसान झाल्यास भरपाईसाठी कोठे आणि कधी अर्ज करावा?

घराची पडझड झाली असल्यास तलाठ्याला कळवून मामलेदार कार्यालयात अर्ज करावा. पिकाच्या नुकसानीसाठी विभागीय कृषी कार्यालयात जावे. गोवा सरकारची शेतकरी आधार निधी योजना तेथूनच राबवली जाते. साफसफाई सुरू करण्यापूर्वी दूरून आणि जवळून अशी दोन्ही छायाचित्रे काढावीत आणि दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पंतप्रधान पीक विमा योजनेत भाग घेतलेल्या शेतकऱ्याचे कापून शेतात वाळत घातलेले पीकही कापणीनंतर चौदा दिवसांपर्यंत चक्रीवादळ व अवकाळी पावसापासून संरक्षित असते, मात्र नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. पाणी ओसरण्याची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाते, म्हणून आधी फोनने कळवावे आणि कागदपत्रे नंतर नेऊन द्यावीत.